ठासणीच्या बंदुकीचा खरा पल्ला

पेनसिल्व्हेनियात नाताळ उलटला की हरणांच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम सुरू होतो आणि तो जानेवारीत संपतो. १९७४ साली सुरू झालेल्या या हंगामात काडतुसाची आधुनिक रायफल घेऊन रानात शिरता येत नाही. बंदूक हवी ती चकमकीची, नळीच्या तोंडातून भरायची. आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची, गजाने ती तळापर्यंत ठासायची आणि शेवटी गारगोटी पोलादावर आपटून उडणाऱ्या ठिणगीवर भरवसा ठेवायचा. आपल्याकडे कोकणात याच जातीच्या बंदुकीला ठासणीची बंदूक म्हणतात.

शिकार म्हटलं की मराठी वाचक जरा थबकतो, आणि ते योग्यच आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीवर बंदी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख येतो तो पिकाच्या राखणीसाठी द्यायच्या परवान्याच्या संदर्भात. पेनसिल्व्हेनियाची गोष्ट निराळी. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत, त्यांना मारून खाणारे लांडगे केव्हाच नाहीसे झाले, आणि सरकारच परवाने देऊन हरणांची संख्या आवाक्यात ठेवतं. शिकार करावी की नाही, हा वाद मला इथे घालायचा नाही. ज्याच्या खिशात तो परवाना आहे, त्याने रानात पाऊल टाकण्याआधी आपल्या बंदुकीची परीक्षा कशी घ्यावी, एवढंच सांगायचं आहे. ही बंदूक एका वेळी एकच गोळी देते. दुसरी भरायला सरावलेल्या हातालाही अर्धं-पाऊण मिनिट लागतं. पहिली गोळी भलतीकडे लागली तर जखमी जनावर झाडीत शिरतं आणि तासन्तास तडफडत मरतं. ते टाळणं हे शिकाऱ्याचं पहिलं कर्तव्य आहे, आणि त्याची तयारी सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोळीबाराच्या मैदानावर करावी लागते.

नवखा माणूस विचारतो, ही बंदूक किती लांब मारते? या प्रश्नाला उपयोगाचं उत्तर नाही. गोळी तर शेकडो यार्ड जाईल. प्रश्न असा हवा: किती अंतरापर्यंत माझी प्रत्येक गोळी एका ताटलीत पडते? हरणाच्या छातीतला हृदय आणि फुप्फुसांचा भाग साधारण ८ इंच व्यासाचा असतो, म्हणजे नाश्त्याच्या कागदी ताटलीएवढा. अनेक शिकारी सरावाला खरोखरच अशा ताटल्या लावतात. पुढचं सगळं काम या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे. ते उत्तर बंदूक बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात मिळत नाही, कारण त्यात बंदुकीइतकाच वाटा दारूचा, चिंधीचा, हवेचा आणि नेम धरणाऱ्याच्या खांद्याचा असतो.

उदाहरणाला आपण नेहमीची बंदूक घेऊ: .५० कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीची. नळीच्या आत पिळदार खोबणी कोरलेल्या असतात. त्या गोळीला स्वतःभोवती फिरवतात, आणि फिरणारी गोळी सरळ जाते. गोल गोळीसाठी हा पीळ सैल असतो, साधारण ६६ ते ७० इंचांत एक फेरा. लांबट गोळी वापरणाऱ्या आधुनिक ठासणीच्या बंदुकांत तो २८ इंचांत एक इतका घट्ट असतो. ४८ इंचांत एक ही मधली तडजोड. आपल्या नळीचा पीळ कोणता, हे आधी पाहावं. चुकीच्या पिळात चुकीची गोळी घालून महिनाभर दारू बदलत बसणारे लोक असतात, आणि त्यांची मेहनत वाया जाते.

गोळी शुद्ध शिशाची, व्यास .४९० इंच. म्हणजे ती नळीपेक्षा थोडी लहानच असते. मग ती खोबणी पकडते कशी? चिंधीच्या साहाय्याने. गादीच्या खोळीसारख्या घट्ट विणीच्या सुती कापडाची गोल चकती कापायची, तिला मेण आणि चरबीचं मिश्रण चोळायचं आणि गोळी त्यात गुंडाळून आत ठासायची. कापड खोबणीत दबतं, गोळीला पीळ देतं आणि मागचा वायू पुढे निसटू देत नाही. चरबीचं काम दुहेरी आहे. गोळी सहज सरकते आणि आधीच्या बाराची काजळी मऊ राहते. १८५७ च्या उठावाशी ज्या चरबीच्या काडतुसाचं नाव जोडलं गेलं, ते अशाच तोंडातून भरायच्या रायफलीचं होतं. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीत कागदी पुडीचं टोक दातांनी फाडून दारू नळीत ओतायची आणि चरबी लावलेल्या कागदासकट गोळी खाली ठासायची, अशी रीत होती. चरबी कसली, हा प्रश्न सैनिकांच्या धर्माचा होता. चरबी का, याचं उत्तर मात्र नळीतल्या काजळीत आहे.

आता मैदानावर चला. डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे. चकमकीच्या बंदुकीत गालाजवळच जाळ होतो, म्हणून चष्म्याला पर्याय नाही.

आधी नळीतलं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. काना, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेलं बारीक भोक, तारेने मोकळा करायचा. दारू नेहमी मापात घेऊन मापातूनच ओतायची. शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधीच ओतू नये, कारण आत आधीच्या बाराची ठिणगी धुमसत असली तर हातातला सगळा साठा पेट घेतो. दारू काळीच हवी. आधुनिक काडतुसांतली बिनधुराची दारू अशा नळीत घातली तर नळी फुटून हात जातो, प्रसंगी जीवही. काळ्या दारूच्या बदली बाजारात मिळणारी कृत्रिम मिश्रणं चकमकीच्या ठिणगीने खात्रीने पेटत नाहीत, त्यामुळे या बंदुकीला खरी काळी दारूच लागते: ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. दाण्याच्या जाडीवरून तिचे प्रकार ठरतात. ‘दोन एफ’ जाडसर, ‘तीन एफ’ बारीक आणि ‘चार एफ’ अगदी पिठासारखी, ती फक्त रंजकीसाठी, म्हणजे कान्याबाहेरच्या प्याल्यात घालून ठिणगीने पेटवायच्या दारूसाठी.

मग चिंधी, गोळी आणि गज. गज वरच्या टोकाला धरून रेटायचा नाही. नळीपासून वीतभर अंतरावर धरून थोडाथोडा खाली ढकलायचा. लाकडी गज मधे मोडला तर त्याचं अणकुचीदार टोक तळहातात घुसतं. गोळी दारूवर घट्ट बसली पाहिजे. मधे पोकळी राहिली तर दाबाने नळीला फुगवटा येऊ शकतो. यासाठी एक जुनी, फार उपयोगी युक्ती आहे. नळी रिकामी असताना गज किती आत जातो आणि बरोबर भरल्यावर किती, या दोन खुणा गजावर करून ठेवायच्या. खूण नळीच्या तोंडाशी आली की गोळी जागेवर बसली. दर वेळी ठासायचा जोरही सारखाच हवा. सर्वांत शेवटी, नळी लक्ष्याकडे ठेवूनच, प्याल्यात रंजक घालायची. प्याला गच्च भरू नये. बेताची रंजक एकदम भडकते आणि ज्वाळा कान्यातून आत जाते. कान्यातच दारू कोंबली तर ती वातीसारखी जळत जाते आणि बार उडायला उशीर होतो.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर बंदूक तशीच लक्ष्याकडे धरून निदान एक मिनिट थांबायचं. बार फुसका आहे की रेंगाळतो आहे, हे बाहेरून कळत नाही.

पहिले बार २५ यार्डांवर. (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडा कमी, १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर.) इथे बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची. हेतू असा की माणसाची चूक बाजूला राहावी आणि फक्त बंदूक बोलावी. सुरुवातीला दारू किती? जुना ठोकताळा आहे की कॅलिबरइतके ग्रेन; म्हणजे .५० ला ५० ग्रेन. ग्रेन हे जुनं वजन, साधारण ०.०६५ ग्रॅम. आपली गोळी १७७ ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅमची. पाच गोळ्या माराव्या, कागदावर त्यांचा पुंजका मोजावा, मग ५ किंवा १० ग्रेन वाढवून पुन्हा पाच. बंदूक बनवणाऱ्याने घालून दिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही. कधीतरी पुंजका आवळत जातो आणि एका मापानंतर पुन्हा पसरू लागतो. ज्या मापाला तो सर्वांत आवळला, ते माप आपल्या बंदुकीचं. शेजाऱ्याच्या, अगदी त्याच कारखान्याच्या बंदुकीला दुसरंच माप आवडू शकतं.

इथे एक कठोर शिस्त लागते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू बदलली तर कापड तेच, कापड बदललं तर दारू तीच. दोन्ही एकदम बदलली आणि पुंजका सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कधीच कळणार नाही. वही जवळ ठेवावी आणि तारीख, हवा, दारूचा प्रकार आणि माप, कापडाची जाडी, चरबी कोणती आणि गोळ्या कुठे लागल्या, सगळं तिथल्या तिथे लिहावं. घरी जाऊन लिहू म्हणणाऱ्यांच्या वह्या कोऱ्या राहतात.

पुंजका तीन गोळ्यांचा की पाच गोळ्यांचा? तीन गोळ्या नशिबाने जवळजवळ पडू शकतात. पाच पडणं अवघड. दारू वाचवायची असेल तर दिवस कमी करावा, गोळ्या कमी करू नयेत.

आता ज्या गोष्टीकडे नवखे लोक बघतही नाहीत, तिच्याकडे येऊ. प्रत्येक बारानंतर चिंधी गोळीपासून सुटते आणि बंदुकीपुढे पाच-सात पावलांवर गवतात पडते. मैदान मोकळं झालं, सगळ्यांच्या बंदुका खाली ठेवल्या गेल्या, की जाऊन त्या चिंध्या वेचाव्यात. कागदावर गोळी कुठे गेली ते दिसतं. का गेली, ते चिंधीवर दिसतं.

चांगली चिंधी शाबूत असते. मधे गोळीच्या आकाराचा खळगा, त्याच्या मागच्या अंगाला काळा डाग, कडेने खोबणींचे ठसे, आणि कापड इतकं धड की पुन्हा वापरावंसं वाटावं. मधेच जळून भोक पडलं असेल तर कापड फार पातळ आहे, किंवा चरबी कमी पडली, किंवा दारू जास्त आहे. वायू पुढे निसटला, गोळीला धक्का सारखा मिळाला नाही, म्हणून पुंजका विस्कटला. सरळ रेषेत चिरा पडल्या असतील तर दोष नळीचा. नव्या नळीत खोबणींच्या कडा धारदार असतात आणि कापड कापतात. शंभरेक बार झाले की त्या आपोआप बोथट होतात. घाई असेल तर बारीक पॉलिशने घासून घेतात. चिरा एकाच बाजूला, पुन्हा पुन्हा त्याच जागी दिसल्या तर नळीच्या तोंडाची कड तपासावी. तिथला एक बारीक चरा गोळीला सुटता सुटता बाजूला ढकलतो. चिंध्या नुसत्या चिंधड्या होऊन पडत असतील तर कापडच कुजकं किंवा विरळ विणीचं आहे. दुकानात नवं कापड घेताना ते आधी धुऊन खळ काढावी आणि मगच जाडी मोजावी. मला विचाराल तर या बंदुकीची निम्मी विद्या गवतात पडलेली असते आणि ती वाकून उचलणाऱ्यालाच मिळते.

दुसरा शत्रू काजळी. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घन राखेच्या रूपात उरतो. काही धूर होऊन उडतो, बाकीचा नळीला चिकटतो. तिसऱ्या-चौथ्या बाराला गोळी जाताना गज अडखळू लागतो, ठासायला जास्त जोर लागतो आणि गोळ्या सरकू लागतात. म्हणून प्रत्येक बारानंतर एक ओलसर आणि एक कोरडं फडकं नळीतून फिरवावं. ओलसर म्हणजे ओलंचिंब नव्हे. पाणी बुडाशी साचलं तर पुढचा बार नक्की फुसका. काहीजण दोन बारांनंतर पुसतात. तसंही चालेल, पण जे काय करायचं ते दर वेळी तसंच करायचं. सातत्य तुटलं की वहीतल्या नोंदींना अर्थ राहत नाही.

२५ यार्डांवर पुंजका आवळला की ५० यार्डांवर जायचं. इथे पाच गोळ्या दोन-अडीच इंचांत आल्या तर बंदूक उत्तम, तीन इंचांत आल्या तरी समाधानकारक. पुंजका लक्ष्याच्या मध्यावर आहे की नाही, याची चिंता आता करायची. आधी नाही. विखुरलेल्या गोळ्यांचा मध्य शोधून नेम बसवणं म्हणजे वाळूवर खांब रोवणं.

समजा पाचही गोळ्या जवळजवळ पडल्या, पण नेमाच्या तीन इंच खाली. बंदुकीला मागे खाच असते आणि पुढे माशी. दोन्हींमधलं अंतर ३० इंच धरू. ५० यार्ड म्हणजे १८०० इंच. तीन इंचांना ३० ने गुणून १८०० ने भागलं तर येतात ०.०५ इंच, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर. माशी तेवढी कमी केली की गोळी तीन इंच वर येईल. नवीन बंदुकीची माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते, ती घासून बसवायची म्हणूनच. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: मागची खाच जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाते, पुढची माशी जिकडे सरकवाल त्याच्या उलट. गोळ्या डावीकडे जात असतील तर खाच पितळी ठोकणीने हलकेच उजवीकडे. माशी घासताना मात्र कानशीचे दोन-तीन हात, मग पुन्हा तीन बार, मग पुन्हा दोन हात. हिशेबात सव्वा मिलिमीटर आलं म्हणून एकदम सव्वा मिलिमीटर घासू नये, कारण घासलेला धातू परत येत नाही. दारूचं माप कायम झाल्याशिवाय तर कानशीला हातच लावू नये. माप बदललं की गोळीची उंची बदलते.

५० च्या पुढे गेलं की वेगळंच राज्य सुरू होतं.

गोल गोळी हवेला फार वाईट तऱ्हेने कापते. ८०-९० ग्रेन दारूने ती नळीतून सेकंदाला सुमारे १८०० फूट वेगाने निघते. १०० यार्डांपर्यंत पोचेस्तोवर वेग हजार-अकराशेवर येतो. मारकशक्ती वेगाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे १०० यार्डांवर तिच्यात सुरुवातीच्या जेमतेम एक तृतीयांश ताकद उरते. हवेचा हा अडथळा इतका मोठा असेल, हे अठराव्या शतकापर्यंत कोणाला पटत नव्हतं. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने जड लाकडी ठोकळा लोलकासारखा टांगला, त्यावर गोळी मारली आणि ठोकळा किती झुलला यावरून गोळीचा वेग काढला. १७४२ साली त्याचं ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हे पुस्तक आलं. पिळाच्या नळीचं महत्त्वही त्याने तेव्हाच ओळखलं होतं. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून तो भारतात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड या किल्ल्यात वारला. आज ठासणीच्या बंदुकीचा नेम बसवणारा प्रत्येकजण, नाव माहीत नसलं तरी, त्याच्याच वाटेने जातो.

या मंदावण्याचा प्रत्यक्ष परिणाम पाहा. बंदूक ५० यार्डांवर बरोबर मध्याला बसवली, तर अशी गोळी ७५ यार्डांवर दीडेक इंच खाली पडते आणि १०० वर चार-पाच इंच खाली. तीच बंदूक ७५ वर बसवली, तर ५० ला इंचभर वर, १०० ला अडीच-तीन इंच खाली. मला दुसरी मांडणी पसंत आहे. रानात ४० ते ८० यार्डांच्या पट्ट्यात नेम वर-खाली धरण्याचा विचारच करावा लागत नाही, आणि हरीण समोर उभं असताना हिशेब करणारं डोकं कोणाचंच शाबूत नसतं. १२५ यार्डांवर मात्र ती सात-आठ इंच खाली जाते, म्हणजे ताटलीच्या मध्यावर नेम धरला तर गोळी ताटलीबाहेर. हे आकडे ढोबळ आहेत. आपल्या बंदुकीचे आकडे आपल्याच कागदावर पाहायचे: ७५ वर पाच गोळ्या, १०० वर पाच गोळ्या, नेम मात्र दर वेळी मध्यावरच. पुंजका किती खाली सरकला हे मोजून वहीत लिहायचं.

वारा याहूनही फसवा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडांच्या बारीक फांद्या हलवणारा साधा वारा, ५० यार्डांवर या गोळीला दोन इंच ढकलतो. अंतर दुप्पट केलं की ढकलणं दुप्पट व्हावं असं वाटतं, पण १०० यार्डांवर ते नऊ इंचांच्या आसपास जातं. दोनाचे नऊ. मैदानावर निवांत सकाळी १०० यार्डांवर चार इंचांचा पुंजका आणणारा माणूस वाऱ्याच्या दुपारी ताटलीला स्पर्शही करू शकत नाही, तो यामुळेच. म्हणून एक दिवस मुद्दाम वारा असताना जावं.

इथवर बंदूक पिशव्यांवर होती. रानात पिशव्या नसतात. आता बाक सोडायचा आणि गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, उभं राहून मारायचं, आणि पुन्हा २५ पासून सुरुवात करायची. बहुतेकांचा पल्ला इथे निम्म्यावर येतो. ते निराश होण्यासारखं नाही. खरं माप आत्ता हातात येऊ लागलं आहे. चकमकीच्या बंदुकीत आणखी एक अडचण असते. चाप ओढणं, गारगोटी पडणं, रंजक भडकणं आणि मग बार उडणं, यांत क्षणाचा अंश जातो. तेवढ्यात डोळे मिटतात, खांदा आखडतो. यावर जुने लोक गारगोटीच्या जागी तिच्याच आकाराचा लाकडाचा तुकडा चिमट्यात बसवतात आणि रिकामी बंदूक घरी रोज वीस-पंचवीस वेळा चालवतात. आवाज नाही, जाळ नाही. घोडा पडल्यानंतरही माशी लक्ष्यावरून हलू द्यायची नाही, एवढाच अभ्यास. नळी रिकामी आहे हे गजावरच्या खुणेने आधी तपासूनच.

आणि आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा. मैदानावरचा पुंजका तापलेल्या, काजळी बसलेल्या नळीचा असतो. रानात मात्र जी गोळी सुटते ती थंड, स्वच्छ नळीतली पहिली गोळी असते. ती बऱ्याच बंदुकांत पुढच्या चौघींपासून फटकून पडते. नळीत तेलाचा अंश राहिला असेल तर जास्तच. म्हणून पाच वेगवेगळ्या सकाळी मैदानावर जावं, रानात जाताना भरतो तशीच बंदूक भरावी, एकच गोळी मारावी आणि कागद काढून घरी आणावा. दुसऱ्या सकाळी तोच कागद पुन्हा लावावा. पाच सकाळींच्या पाच गोळ्या एकाच कागदावर. हा पुंजका दिसायला कधीच देखणा नसतो. पण तुमच्या हंगामाचा पुंजका हाच आहे, आणि तो ताटलीत मावला पाहिजे.

यांतली एखादी सकाळ डिसेंबरातली असू द्या. कडाक्याच्या थंडीत चरबी घट्ट होते आणि गोळी जड जाते. दमट हवेत रंजक ओल धरते, म्हणून ती रानात अधूनमधून झटकून नवी घालावी लागते. जाड हातमोज्यांत चाप जाणवत नाही. सप्टेंबरच्या उन्हात टी-शर्टवर बसवलेला नेम आणि जाड कोटाच्या खांद्यावर टेकलेला दस्ता यांत फरक पडतो. कोट घालूनच मारून पाहा.

घरी आल्यावर, कितीही दमला असाल तरी, त्याच संध्याकाळी गरम पाण्याने आणि साबणाने नळी धुवा. ही राख हवेतली ओल ओढते आणि सकाळपर्यंत गंज सुरू होतो. गंजलेल्या नळीला वहीतला एकही आकडा लागू पडत नाही. धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवायचा, आणि पुढच्या खेपेला भरण्याआधी ते तेल आठवणीने पुसायचं.

शेवटी वही उघडा. पिशव्यांवरच्या, गुडघ्यावरच्या, झाडाला टेकलेल्या आणि थंड नळीच्या गोळ्या समोर मांडा, आणि ज्या अंतरापर्यंत एकही गोळी ताटलीबाहेर गेली नाही, तो आकडा काढा. कोणाचा १०० येईल, बहुतेकांचा ५० ते ७५ मधे येईल. कागदाच्या पट्टीवर लिहून तो बंदुकीच्या दस्त्यावर चिकटवा. हंगामाच्या पहिल्या सकाळी बसायची जागा ठरली की त्या अंतरावरचं एखादं झाड, एखादा खडक हेरून ठेवा. हरीण त्या खुणेच्या पलीकडून गेलं, तर त्याला जाऊ द्या. हंगाम जानेवारीपर्यंत आहे.